नानांच्या वाडीतला नवा ब्राउझर

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या बाईकडे सांगण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. अहो, एक लॅपटॉप उघडून द्या आणि शेजारी त्याच्या मालकाला बसवा! 'इन्स्टॉल होत आहे'ची रेघ पुढे सरकेपर्यंत माणसं काय काय बोलून जातात. किस्से आपोआप साठतात.

गिरीजला विनायकनानांच्या वाडीत रविवारी संध्याकाळी आमचा अड्डा जमतो. मला सोडलं तर सगळे सत्तरीच्या आसपासचे. बहुतेकांची मुलं परदेशात, आणि मुलांचे जुने लॅपटॉप घरात. गेल्या हिवाळ्यात एकेकाच्या स्क्रीनवर तीच पाटी झळकायला लागली: 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे.' व्हिडिओ कॉलची साइट उघडेना. झालं! मुलांचे चेहरे दिसायचे बंद.

पहिले भडकले ते नानाच.

"जुना झाला म्हणे! तो चिकू माझ्या आजाने लावलाय. त्याने कधी पाटी लावली का?"

* * *

नाना केळीच्या बागेतले, वाट बघणं त्यांना नवीन नाही. पण मुलगी दिसायची म्हटल्यावर धीर सुटला. मी यायच्या आधीच त्यांनी 'डाउनलोड' दाबलं. काही होईना म्हणून परत दाबलं. मग दाबतच राहिले.

मी फोल्डर उघडला, तर एकाच ब्राउझरचा अख्खा घड लागलेला!

"नाना, हे काय?"

"एखादा तरी पिकेल म्हटलं."

* * *

तेवढ्यात मेलबर्नहून केतकीचाच फोन आला. नानांची ही एकुलती एक लेक. बाबांना आपणच शिकवायचं, हा तिचा हट्ट. मी लॅपटॉप नानांपुढे सरकवला.

"बाबा, वर उजव्या कोपऱ्यात बघा. तीन ठिपके दिसतायत?"

"दिसतायत."

"नीट दिसतायत ना?"

"ठिपके नीट दिसतायत गं. तू कुठे दिसतेस?"

मग केतकी म्हणाली, "वंदनाताईंना द्या फोन." नानांनी फोन माझ्या हातात दिला.

* * *

नवा ब्राउझर बसला. जुन्यात वरच्या पट्टीवर केतकीने जाताना एक बुकमार्क करून ठेवला होता. तो दाबला की थेट व्हिडिओ कॉल. नव्यात तो नव्हता. मी म्हटलं, "नाना, नवीन करून देते. 'व्हिडिओ कॉल' असं नाव देऊ?"

"नको. तिने लिहिलंय तेच हवं."

"अहो, लिंक तीच आहे!"

"लिंकचं काय करू? नाव आण."

मग जुन्यातून सगळे बुकमार्क आणले. पट्टीवर केतकीचे शब्द उमटले: 'बाबा हे दाबा'. नानांनी दाबलं नाही. मेलबर्नला रात्र झाली असेल म्हणाले. नुसते बघत बसले.

* * *

पुढचा लॅपटॉप वटारच्या फिलूबायचा. मुलगा दुबईला. तो चर्चच्या मिस्सानंतर फोन करणार, म्हणून बाय सकाळपासून ठेवणीतली साडी नेसून बसलेल्या!

नव्या ब्राउझरने विचारलं, लोकेशन सांगायचं का?

"सांग की! वटार. चर्चच्या मागची गल्ली. कोणीबी घर दाखवेल."

"बाय, त्याला घरी नाही यायचं."

"नाय? मग इचारतो कशाला?"

मग माइकची परवानगी आली. मी वाचून दाखवलं: 'फक्त या वेळी' की 'दर वेळी'?

"फक्त या वेळी?" फिलूबाय उखडल्याच. "पोटचा पोर बोलणार आणि फक्त या वेळी? दर वेळी कर!"

केलं. लगेच कॉल आला. मुलगा हसला आणि पहिलंच वाक्य बोलला, "मम्मी, पाचच मिनिटं आहेत हां."

"हो रे बाबा," फिलूबाय म्हणाल्या, "मला पण कामं हायेत."

घरात एक भांडंसुद्धा घासायचं राहिलेलं नव्हतं.

* * *

सुधाकरकाका अड्ड्यात सगळ्यांत कमी बोलणारे. मूळचे साताऱ्याचे, फ्लॅट विरारला. त्यांना मूलबाळ नाही. लॅपटॉप हवा तो पेपर वाचायला. ते आणि नलिनीकाकू रोज सकाळी चहानंतर तो शेजारी बसून वाचायचे. काकूंची नजर फार अधू, म्हणून अक्षरं ही एवढाली ठेवलेली. काकू मागच्या दिवाळीत गेल्या.

पेपरची साइट जुन्यात उघडेना, म्हणून मी एका सकाळी त्यांच्याकडे गेले. नवा ब्राउझर टाकला, पेपर उघडून दिला. छान, नेहमीच्या आकाराची अक्षरं, अख्खं पान एका नजरेत!

काका म्हणाले, "बारीक झालं गं."

"तुम्हाला दिसत नाही?"

"मला दिसतं. मोठं कर."

मी केलं. "अजून," म्हणाले. अजून केलं. एका ओळीत जेमतेम तीन-चार शब्द मावायला लागले, तेव्हा म्हणाले, "हां, बस."

त्यांनी आपली खुर्ची जरा डावीकडे घेतली. लॅपटॉप आपल्या आणि काकूंच्या खुर्चीच्या मधे आणला आणि वाचायला लागले. मी मागे उभी राहून चार्जर गुंडाळत होते. स्क्रीनवरचं वाचून संपलं. काकांचं बोट माउसवर गेलं आणि तिथेच थांबलं.

उजवीकडे मान वळवून त्यांनी हळूच विचारलं, "झालं?"

जरा थांबले. मग पान खाली सरकवलं.