अकरावा दात

“खरं चावा,” डॉक्टर म्हणायचे. दात भरून झाला की वरच्या-खालच्या दातांमध्ये निळा कागद धरायचे आणि पेशंटला चावायला सांगायचे. आता तुम्हीच आठवून बघा, त्या खुर्चीत बसल्यावर कोणी धड चावतं का? पाहुण्यांच्या घरी पापड खावा तसं सगळे जपून चावतात. मग डॉक्टर मान हलवायचे. “हे खोटं झालं. घरी मासे खाता तसं चावा. खरं.” जिथे निळा डाग गडद उमटायचा तेवढंच घासायचे, की पुन्हा कागद, पुन्हा चावा. असं चार-पाच वेळा. बाहेर बाकावरची माणसं जांभया द्यायची. पण भरलेलं जरा जरी उंच राहिलं तरी ते फार दिवस टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांना ते टिकवायचं असायचं.

मी त्यांच्याकडे रत्नागिरीत आठ वर्षं कामाला होते. शिक्षण सातवी. यजमान मुंबईला नोकरीला, पदरात दोन मुलं. हत्यारं उकळायची, पेशंटचा गाल धरायचा, कापसाच्या सुरळ्या वळायच्या, अशी कामं. बाकीचं बघून बघून शिकले.

आमच्याकडे लोक यायचे ते दात काढून घ्यायलाच. पालीहून एक आजोबा आले होते, दाताला एवढीशी कीड. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “लवकर उपटा, माझी एसटी चुकेल.” डॉक्टर म्हणाले, “एसटी तासाभरानं दुसरी येईल, आजोबा. दात नाही येणार.” आजोबा रागावले, पण बसले. दात भरून गेले.

मग डॉक्टरांनी मुंबईहून दात भरायचा निळ्या उजेडाचा दिवा आणला. ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. दाताच्याच रंगाचा लगदा असायचा, कॉम्पोझिट म्हणत त्याला. आधी दाताला आम्ल लावायचं, धुवायचं, फुंकून कोरडं करायचं. दात खडूसारखा पांढरा दिसला की लगद्याचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर निळा उजेड धरायचा. उजेडानं थर दगडासारखा घट्ट व्हायचा. मग दुसरा थर, पुन्हा उजेड. प्रत्येक थराला चाळीस आकडे, आणि ते मोजायचं काम माझं. घाईनं मोजलं की डॉक्टर म्हणायचे, “बाई, चाळीस म्हणजे चाळीस.”

या कामाचा वैरी एकच, ओल. थुंकीचा थेंब लागला तरी भरलेलं धरत नाही. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर वाकून काम करायचे आणि कपाळावरून घाम निथळायचा. एकदा थेंब नेमका दातावर पडला. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून केलं त्यांनी. “पंखा फिरतोय की झोपलाय?” एवढंच म्हणाले.

पंखा खरंच झोपलेला असायचा. दुपारनंतर वीज इतकी मंद, की बल्बची तार मोजता यायची. दिव्यासाठी डॉक्टरांनी वीज सारखी ठेवणारा एक खोका आणला होता, स्टॅबिलायझर. त्याला जागा एकाच प्लगची. मी काय केलं, दिव्याचा प्लग काढून भिंतीत लावला आणि पंख्याचा खोक्यात लावला. पंखा असा भन्नाट फिरायला लागला! डॉक्टर वर बघून हसले. मला वाटलं, केवढं शहाणपणाचं काम केलं. दिवा लागत तर होताच, उजेडही निळाच होता.

बारा दिवसांनी एक शाळामास्तरीण आल्या. भरलेल्या दाढेचा टवका उडाला होता. डॉक्टरांनी आत टोचणी घातली तर ती रुतली. तांदळाची भाकरी वरून भाजलेली आणि आत कच्ची निघावी, तसं झालं होतं. डॉक्टर टेबलाशी गेले. काचेवर थोडा लगदा घेतला, दिवा धरला, मला मोजायला सांगितलं, मग तो उलटा करून नखानं खरवडला. खालून ओला. मंद विजेवर दिव्याचा उजेड आतपर्यंत पोचतच नव्हता. त्यांची नजर वायरीवरून फिरत फिरत भिंतीपर्यंत गेली.

“पंखा खोक्याला कुणी लावला?”

“मी.”

त्यांनी उठून प्लग बदलले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मग वही काढली. मास्तरीण धरून अकरा जणांचे दात त्या बारा दिवसांत भरले होते. नऊ जणांना कार्डं लिहिली, दात फुकट नव्यानं भरून देतो, या. मास्तरीणबाईंची दाढ तिथेच केली. राहिला अकरावा, खाडीपलीकडचा इस्माईल. त्याची जायची तारीख बघून डॉक्टर थांबले. जाळं विणताना नायलॉनची दोरी दातानं तोडायची त्याला सवय, त्यात पुढचा दात अर्धा तुटलेला. आखातात बोटीवर नोकरी लागली म्हणून तो भरून घेतला होता. आणि त्याची मुंबईची एसटी त्याच संध्याकाळी होती. कार्ड पोचेपर्यंत पोरगा समुद्रावर असता. आतून दात सडला असता, आणि तिकडे तो उपटण्यापलीकडे कोणी काही केलं नसतं.

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. मी म्हटलं, मी पण येते. आम्ही होडीतून पलीकडे निघालो. मी मनात वाक्य जुळवत होते, जाऊन काय सांगायचं ते.

घरात बांधाबांध चालली होती. इस्माईलच्या आईनं सुक्या मासळीचं पुडकं ट्रंकेत कोंबता कोंबता आमच्याकडे बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. डॉक्टर दारात उभा म्हणजे धड बातमी नाही. डॉक्टरांनी सांगितलं, दात पुन्हा करायला हवा. इस्माईल आरशात बघून म्हणाला, बरा तर आहे.

“जायच्या दिवशी तोंडात हत्यार नको,” आई म्हणाली. “पोराची गाडी गेली तर नोकरी गेली.”

“वरून बरा आहे, आत कच्चा आहे,” डॉक्टर म्हणाले. “चूक माझ्या हातून झाली.”

मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी मागे न बघता सांगितलं, “बाई, होडीवाला थांबलाय का बघून या.”

होडीवाला थांबलेलाच होता. मी उगाच बांधावर उभी राहिले. थोड्या वेळानं इस्माईल ट्रंक घेऊन बाहेर आला, मागून आई, मागून डॉक्टर.

त्या दुपारी दवाखान्यात पंखा बंद होता. मी एका हातानं गाल धरला होता, दुसऱ्या हातानं डॉक्टरांचं कपाळ टिपत होते. जुनं सगळं काढलं, नव्यानं थर दिले. मोजताना एक आकडा गाळला नाही. इस्माईलची आई दारातून घड्याळाकडे बघत उभी. शेवटी निळा कागद झाला, घासून झालं, आणि पोरगा ट्रंक उचलून एसटी स्टँडकडे पळत सुटला. गाडी मिळाली, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

हात धुताना मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. ते म्हणाले, “पंख्याचा वारा मी घेतला ना? मग झालं.” विषय संपला. ज्यांना कार्डं गेली तेही सगळे आले, सगळ्यांना ते तेच सांगायचे, माझ्या हातून चूक झाली. मी शेजारी सुरळ्या वळत उभी.

चार वर्षांनी डॉक्टर गेले. सकाळचा चहा घेतला, छातीत कळ आली आणि गेले. महिन्याभरानं त्यांच्या बायकोनं मला हत्यारं आवरायला बोलावलं. मी एकटीच होते, तेवढ्यात दारात इस्माईलची आई. दाढ ठणकते म्हणून आली होती. तिला ठाऊकच नव्हतं.

“बाय, डाक्टर हायत ना?”

सांगितलं तशी बाकावर बसली. पदर तोंडाशी धरला. मग काय झालं मला, मी सगळं सांगून टाकलं. पंखा, प्लग, चूक माझी, डॉक्टरांची नव्हे.

तिनं पदर खाली घेतला. म्हणाली, “त्या दिवशी तू बोलली असतीस तर मी पोराला पाठवला नसता. ज्या बाईनं बिघडवला तिच्यासमोर परत कशाला बसवू? डाक्टर बोलला म्हणून पाठवला.”

चार वर्षं माझा समज होता, की त्यांनी मला वाचवलं. वाचवलंच. पण त्या घरात उभं राहून ते मुळात दात वाचवत होते.

तिनं पिशवीतून इस्माईलचा फोटो काढला, नुकताच तिकडून आलेला. बोटीच्या कठड्याला टेकून तोंडभर हसत होता. मी तो खिडकीशी नेला, चष्मा पुसून बघितला. पुढचे दात ओळीनं स्वच्छ. त्यातला तुटलेला डावीकडचा की उजवीकडचा, मला काही ओळखता येईना, आणि विचारायला डॉक्टर नव्हते.