राणी रस्ता, घर सात

माझा मामा पाट्या रंगवायचा. गावात त्याला ब्रशमामा म्हणत. त्याचा हात इतका सरळ, की मामी म्हणायची, “रेघ सरळ, माणूस तेवढा वाकडा.”

गोरे साहेब राज्य सोडून गेले आणि नगरपालिकेला अचानक आठवलं, की आपले सगळे रस्ते त्यांच्याच नावाचे आहेत. सव्वीस पाट्या बदलायच्या ठरल्या. ज्या हाताने साहेबांची नावं काढली, त्याच हाताला ती पुसायचं काम मिळालं. आधी पत्रा खरवडायचा, मग अस्तर, मग रंगाचे दोन हात. मामाने पुसलेलं नाव पुन्हा डोकं वर काढत नसे.

बिघडली ती एकच पाटी, आणि तीही आमच्या गल्लीची. ‘राणी रस्त्या’चा ‘एकता मार्ग’ झाला खरा, पण दोन महिन्यांत एकतेच्या पोटातून राणी डोकावू लागली. मामाने पुन्हा रंग मारला. राणी पुन्हा हजर.

“दिव्याखाली अंधार, दुसरं काय!” मुकादमाला मामा म्हणाला.

“अंधार नाही, पातळ रंग आहे,” मुकादम म्हणाला. “उद्या माझ्यासमोर खरवडा.”

मुकादम गेल्यावर मी डिवचलं, “मामा, राणीवर जीव जडला होता की काय?”

एरवी त्याने उलटा टोला दिला असता. त्या दिवशी तो ब्रश पुसत राहिला. “थोरला कुठला पत्ता घेऊन गेलाय रे?”

थोरला म्हणजे त्याचा भाऊ. साहेबांची रेल्वे घालायला पाच वर्षांच्या करारावर बोटीत बसला. त्या गोष्टीला तेव्हा तीस वर्षं झाली होती. अक्षरशत्रू माणूस. निघताना सतरा वर्षांच्या मामाने त्याच्या पेटीच्या झाकणावर आतून पत्ता रंगवून दिला होता: राणी रस्ता, घर सात. ती मामाची पहिली पाटी.

“तो कुणाला विचारणार नाही. फार ताठ,” मामा म्हणाला. “झाकण उघडून अक्षरं जुळवत येईल. आणि जुळलीच नाहीत तर?”

दुसऱ्या दिवशी मुकादम शिडी धरून उभा राहिला. मामाने राणी पार पत्र्यापर्यंत खरवडली. मग घरी येऊन एक फळी घेतली आणि दुपारभर बसला. संध्याकाळी दारावर पाटी लागली: राणी रस्ता, घर सात. ‘ण’ लंगडा, ‘सात’ खाली घसरलेलं.

गल्ली हसली. “ब्रशमामा, नजर गेली वाटतं!”

“सतरा वर्षांचा झालोय,” मामा म्हणाला.

आता मामा नाही. दर दोन वर्षांनी ती पाटी मी रंगवतो. माझा हात मुळातच वाकडा. मी ‘ण’ सरळ करायला गेलो, की मामी आतून ओरडते, “राहू दे तसाच! भावजी ओळखणार कसे?”