तळणीतले तीन सोबती

लग्नाच्या स्वागतसमारंभात गोडाच्या टेबलावर काय कुठे ठेवायचं, हे लामचियाक कधी कागदावर लिहीत नसे. ती आधी रिकाम्या टेबलापाशी नुसती उभी राही. नवरानवरी कुठून येणार, वडीलधारे कुठे बसणार, पंख्याचा वारा कोणत्या अंगाने येतो एवढं पाहून घेई, आणि मग उंच बैठकीची पितळी तबकं मांडायला घेई. बदकाच्या अंड्यांच्या बलकाची पाकात सोडलेली सोनेरी सुतं नवरीच्या उजव्या हाताला. त्या सुतांना सुरी लावायची नाही, कारण सूत जितकं लांब तितका संसार लांब. त्यांच्या मागे नऊ थरांची हिरवी वडी, आणि पुढे चिमटीने फुलासारखी घडवलेली बलकाची पिवळी फुलं. मधोमध, कमळाच्या पाकळ्यांच्या वेढ्यात सर्वांत उंच तबक, आणि ते मात्र पाहुणे यायच्या क्षणापर्यंत रिकामं. तिथे तीन सोबती बसायचे.

भाजलेल्या मुगाचं पीठ, नारळ आणि ताडगूळ यांचे हे तीन लहान लाडू. ते एकमेकांना टेकवून, पातळ पिठात बुडवून, लग्नाच्या सकाळी दोन्ही घरच्या बायकांसमोर तळायचे. तेलात तिघे एकत्र राहिले तर संसार टिकणार. एक सुटला तर घरात मूल खेळणार नाही. तिघेही सुटले तर त्या लग्नाचं काही खरं नाही. चाळीस वर्षांत लामचियाकच्या तळणीत ते एकदाही सुटले नव्हते. फेचबुरी या थाई शहरातल्या लेकीसुनांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तिला पा म्हणत, थोरल्या मावशीला म्हणतात तसं, आणि तिच्या हाताला यश आहे असं मानत.

यश हाताला नव्हतं. मूठभर चिकट तांदळाच्या पिठाला होतं. बाहेरच्या पातळ पिठात ते मिसळलं की तेल कितीही तापलं तरी लाडू एकमेकांना सोडत नाहीत. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका नवरीची आई कढईपाशी भोवळ येऊन पडली होती. एवढ्या मोठ्या दिवशी कुणाचा जीव टांगणीला लावायचा नाही, असं लामचियाकने तेव्हाच ठरवलं. शिवाय त्या शकुनावर तिचा स्वतःचा विश्वास उरला नव्हता. तिच्या लग्नात आईने तळलेले तिघे कसे घट्ट बिलगून राहिले होते. तिसऱ्या वर्षी ती नवऱ्याने मोडलेलं खांद्याचं हाड घेऊन बसने माहेरी परतली. ते हाड वाकडंच जुळलं. पाक घोटताना अजून खटकन वाजतं.

योक तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर पाच वर्षांची पोर लामचियाकच्या स्वयंपाकघरात आली आणि केळीच्या पानांचे द्रोण वळत मोठी झाली. योकला गप्प करणं त्या घरात कुणाला जमलं नव्हतं. ती पाकाशी बोले, मुंग्यांशी भांडे, शाळेत शिकवायला लागल्यावर वर्गातल्या प्रत्येक पोराची नक्कल रोज करून दाखवी.

वोरथेप हा योकचा होणारा नवरा, बान लेमकडच्या मिठागरवाल्यांचा धाकटा मुलगा. लग्नाआधी दोन आठवडे तो आपल्या आईला, प्रांगथिपला घेऊन टेबलाचं ठरवायला आला. दारातच त्याने कमरेत वाकून हात जोडले.

"पा, वडीचे थर या वेळी गुलाबी करू या का? हिरव्यावर कमळ उठून दिसत नाही, आणि मला तर—" योक बोलत होती.

वोरथेपने तिच्या मानेवर मागून दोन बोटं ठेवली. अगदी हलकी, कॉलर नीट करावी तशी. योक वाक्याच्या मध्यात थांबली.

"हिरवेच राहू देत," तो हसून म्हणाला. "हिला उगाच काहीबाही सुचतं."

"हो पा, हिरवेच," योक म्हणाली.

लामचियाकच्या हातातला द्रोण वळायचा राहिला. प्रांगथिपचं तिकडे लक्ष नव्हतं. ती कढईकडे पाहत होती. "थोरल्याच्या वेळी ज्या बाईने तळले ना, पा, तिचे तिन्ही तीन दिशांना गेले. मांडव उभा, पाहुणे बसलेले. मी पोराला उठवलं आणि तशीच घरी घेऊन आले. लोक वाटेल ते बोलले. बोलू देत! म्हणून या खेपेला तुमच्या पायरीशी आले."

"आणि माझे सुटले तर?"

"तुमचे?" प्रांगथिप खळखळून हसली. "तुमचे सुटले तर मी या खेपेलाही उठेन. पण तेवढी काळजी असती तर कशाला आले असते?"

लग्नाला चार दिवस उरले असताना मावशीभाची सुतं ओढायला बसल्या. त्या दिवशी काही केल्या सूत लांब येईना. दोन अंड्यांत रक्ताचा ठिपका निघाला. लामचियाकने ती बाजूला सारली. शकुनाला ती भीत नसे, तरी हात पुसायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला. मग कढईवर वाकताना योकची बाही वर सरकली. दंडावर चार निळसर डाग होते, आणि मागच्या बाजूला पाचवा, जरा रुंद.

"हे काय?"

"वाफ लागली."

"वाफेला बोटं असतात का गं?"

एरवी योक हसली असती. "तो तापट आहे, पा. वाईट नाही. लग्न झालं की निवेल."

"माझा निवेल म्हणून मी तीन वर्षं वाट पाहिली."

"सगळेच काही तसे नसतात." तिने बाही खाली ओढली. "आणि आता मोडायचं म्हणजे त्याला सांगायचं कुणी? तुला माहीत नाही, पा, तो—"

ती थांबली. या वेळी तिच्या मानेवर कुणाचीच बोटं नव्हती.

त्या दुपारी लामचियाकने ठरवलं. मुलगी हे लग्न मोडणार नाही, मुलगा तर नाहीच. पण प्रांगथिप मोडेल. एकदा मोडलं होतं तिने. फरक चिकट पिठाच्या एका मुठीचा होता. ज्या मुठीने चाळीस वर्षं लग्नं बांधली, ती या वेळी रिकामी ठेवायची. नाव जाईल, चार बायका तोंड फिरवतील, योक कदाचित वर्षभर बोलणार नाही. चालेल.

लग्नाच्या सकाळी उजाडताच तिने पीठ कालवलं, पाण्यासारखं पातळ, आणि केळीच्या पानाने झाकलं. फाटकाशी गाड्या थांबल्या, तशी ती प्रांगथिपच्या स्वागताला गेली. परतली तर अर्धे केस बांधलेली, सोनेरी रेशमातली योक चुलीपाशी उभी होती, आणि पदराने हात पुसत होती.

"अगं, तू इथे कशाला? डोकं अर्धंच झालंय."

"तुला बघायला आले," योक म्हणाली आणि पळाली.

बायका अर्धवर्तुळ करून बसल्या. लामचियाकने तेल धुरकटेपर्यंत तापवलं. तीन लाडू टेकवले, प्रांगथिपच्या चेहऱ्याकडे पाहतच पिठात बुडवले, आणि अलगद सोडले. कढई एकदम कडकडली. प्रांगथिपने गळ्यातली बुद्धाची लहान मूर्ती मुठीत घट्ट धरली. फेसात लाडू दिसेनासे झाले, मग वर आले. लामचियाक वाट पाहत होती. तिने झाऱ्याच्या टोकाने त्यांना जरासं डिवचलं. तिघे एका अंगाने कलंडले आणि एका अंगानेच सरळ झाले.

तिने पुन्हा डिवचलं, जरा जोराने.

"पुरे, पा, पुरे! आता काय आमचा संसार मोडता की काय!" कुणीतरी ओरडलं, आणि अंगणभर हसू पसरलं. तिघे सोनेरी होऊन, एकमेकांना बिलगून निघाले. बायकांनी प्रांगथिपला मिठ्या मारल्या.

गर्दीतून योकने लामचियाकच्या कानाशी तोंड आणलं. "पा, पीठ पाहिलं तर नुसतं पाणी! चिकट तांदळाचं घालायला विसरलीस ना? मी घातलं मूठभर, चांगलं फेटूनसुद्धा. नाहीतर आज एवढ्या वर्षांचं तुझं नाव गेलं असतं." आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती पूर्वीसारखी हसली.

लामचियाकने झारा खाली ठेवला. बोलली ती प्रांगथिपशी, केळीच्या झाडाआड नेऊन. "हे खरं नाही. पिठात चिकट तांदूळ आहे. नेहमीच असतो."

"स्वतःचं कौतुक नको म्हणून काहीही सांगता तुम्ही!"

"तुमचा मुलगा तिच्यावर हात उचलतो. दंड पाहा तिचा."

प्रांगथिपच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती शांतपणे म्हणाली, "तिघे एकत्र राहिले, पा. तुमच्याच हातून राहिले. अशा दिवशी असलं तोंडातून काढू नये." आणि ती पाहुण्यांत मिसळली.

संध्याकाळी लामचियाकने टेबल मांडलं, रिवाजाप्रमाणे सुबक. नऊ थरांची वडी हिरवीच होती. कमळाच्या पाकळ्या तिने तीनदा काढून पुन्हा लावल्या. सर्वांत उंच तबकावर तीन सोबती बसवले. पाहुणे त्यांचे फोटो काढत होते. मुंग्यांची एक बारीक ओळ टेबलाचा पाय चढू लागली होती. ती तिने ओल्या फडक्याने पुसली. थोड्या वेळाने पाहिलं तर ओळ पुन्हा तिथेच होती.

नवरीसोबत सासरी गोड बांधून द्यायचं, ही तिची जुनी रीत. तिने केळीच्या पानात सुतांची घडी ठेवली. घडीखाली आपल्या घराच्या मागच्या दाराची किल्ली सरकवली, पुडी वळून काडीने टोचली, आणि नवरानवरी टेबलापाशी आली तशी ती योकपुढे धरली.

"एकटी असशील तेव्हा खा. सगळी खायची, तळापर्यंत."

योकचा हात अर्ध्यावर आला. मग तिने वोरथेपकडे पाहिलं.

"मी धरतो," तो म्हणाला. त्याने वाकून, दोन्ही हातांनी, अतिशय आदराने पुडी घेतली आणि तळहातावर जराशी तोलून पाहिली. "सुतांच्या मानाने जड आहे, पा. काय घातलंय एवढं?"

"तिला आवडतं ते."

"असं?" त्याने पुडी कोटाच्या खिशात घातली. रिकामा झालेला हात योकच्या मानेवर गेला. "घरी गेल्यावर दोघं मिळून उघडू. चल, तिकडे फोटोवाला थांबलाय. हास बघू."

योक हसली.