साठ फुटांवरची शाहीर

एल्क फोर्डमध्ये बातमी अशी पसरली होती, की मार्लिस टॉलेफसन दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या तळघरात माणसांवर बाण सोडते. बातमी बेकरीतून निघाली आणि चर्चपर्यंत पोचता पोचता तिच्यात दोन माणसं जखमीही झाली. खरं एवढंच, की बाण कागदावरचे आणि माणसंही कागदावरचीच. मार्लिसनं जन्मात धनुष्य हातात धरलेलं नाही. हरणांच्या शिकारीच्या मोसमात सगळं गाव रानात जातं तेव्हा ही घरी बसून काकडीची लोणची घालते.

तळघरात चालतो तो फाशांचा खेळ. चौकटी आखलेला नकाशा, त्यावर बोटाएवढे पुतळे, आणि प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं. मार्लिसचं सोंग शाहिराचं. शाहिरानं गावं, सोबत्यांना हुरूप यावा, पडलेला उठावा. पण लढाई जुंपली की ही बया पार नकाशाच्या काठाला जाऊन उभी राहायची आणि तिथून बाण मारायची. का, ते कुणालाच कळेना. खेळ चालवणारा कर्ट म्हणायचा, घाबरते. गॉर्डी म्हणायचा, नखरे!

गॉर्डी म्हणजे निवृत्त दूधवाला आणि खेळातला योद्धा. दातांखाली कायम चुईचुई करणारं ताजं चीज. "अगं, शाहीर आहेस की शेजारीण? लांबून काय बघत बसतेस!" शेवटी त्या शनिवारी त्यानं जाहीरच केलं, "आज पुढे आलीस तर ठीक. नाहीतर ही खुर्ची माझ्या भाचीला."

खुर्च्या पाचच. नवरा गेल्यापासून मार्लिसचा अख्खा आठवडा त्या एका खुर्चीवर टेकलेला. पण ती नुसतं "बघू" म्हणाली आणि लिंबाच्या वड्यांचा डबा मध्ये सरकवला.

तासाभरात कर्टनं नकाशावर आणलेल्या राक्षसानं सोटा फिरवला आणि चौघांतले तिघे आडवे झाले. जीव वाचवायच्या तीन फाशांतले गॉर्डीचे दोन वाईट पडले. आता तिसराही तसाच पडला, तर सहा वर्षं जपलेला योद्धा कायमचा मेलाच.

"धावत ये, मार्लिस! जवळ ये!" गॉर्डी कळवळला.

मार्लिसनं चष्मा सारखा केला आणि पेन्सिलीच्या टोकानं चौकटी मोजल्या. तेरा. गाणं पोचतं साठ फूट, म्हणजे बाराच चौकटी. सोटा पोचतो तीन. तिनं पुतळा एकच घर पुढे सरकवला आणि दोन ओळी गायल्या. खरंच गायली, चर्चमध्ये गाते त्यापेक्षा बरी. योद्धा उठून बसला. मग बाण. वीस बाजूंचा फासा सतरावर थांबला आणि राक्षस कोसळला.

ती जवळ असती तर चौथी आडवी झाली असती, हे गॉर्डीलाही दिसत होतं.

"बरं बाई, खुर्ची तुझीच," तो म्हणाला. "पण जवळ न येता माणसं उठवायची ही विद्या शिकलीस कुठे?"

मार्लिस म्हणाली, "तीस वर्षं शाळेची बस चालवली, गॉर्डी. मागच्या बाकावर मारामारी लागली म्हणून कुणी स्टिअरिंग सोडून मागे जातं का? आणि तू आत्ता जेवढा ओरडलास ना, तेवढी पहिलीतली पोरंसुद्धा ओरडत नव्हती."