ट्रॉलीची पिन

केळीच्या चिकाचा वास आला की तुकईथडच्या वाटेवर उलटलेली ती ट्रॉली आठवते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. मालकाचा ट्रॅक्टर वडील चालवत होते, सुट्टीत आलेली मी शेजारी बसले होते. चढावर ट्रॉलीला ट्रॅक्टरशी जोडणारी पिन तुटली आणि मालकाच्या केळीचे घड चिखलात गेले. "झोपला होता का रे?" मागून आलेल्या मालकाने सगळ्या मजुरांसमोर विचारलं. मी तुटलेली पिन उचलली. तुटल्या जागी साखरेसारखे जाड, चमकते दाणे दिसत होते. "सेठ, सकाळी वेल्डिंग झाल्यावर घाईत तुम्हीच तापून लाल झालेल्या पिनवर पाण्याची बादली ओतली, मी पाहिलं. तसं एकदम थंड केलं की लोखंडाची आतली घडण बदलते, ते काचेसारखं ठिसूळ होतं. यात बाबांची चूक नाही." मालक मजुरांकडे वळून म्हणाला, "लो, अब ये छोरी हमको लोहा सिखाएगी." सगळे हसले. वडिलांनी मालकापुढे हात जोडले. "चुकलं माझं, सेठ. पोरगी नादान हाय." घरी येताना मला म्हणाले, "तू खरी बोलली, पन आता मले कोन ट्रॅक्टर देईल?" कोणीच दिला नाही. आज मी काम करते त्या कारखान्यात माझ्या सहीशिवाय एकही लोखंडी दांडा मशीनला बसत नाही, आणि वडील अजून गावात सांगतात की पिन त्यांच्याच चुकीने तुटली.