चौथऱ्यावरचे बोंबील

सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि मानपाड्याला घर घेतलं. घरी बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा कॉलेजातल्या कॅडेट पोरापोरींना फुकट कवायत शिकवायला लागलो. आणखी एक काम आपणहून अंगावर घेतलेलं. आमच्या पलटणीतला कोपरीचा एक जवान शहीद झालेला; त्याच्या स्मृतिदिनी या कॅडेटना घेऊन तिथल्या स्मारकावर सलामी द्यायची.

त्याची आई कोळीण, अजून बाजारात मासे विकते. दरवर्षी सलामीच्या वेळी ती त्याच्या आवडीचे तळलेले बोंबील चौथऱ्यावर ठेवायची आणि कावळ्याची वाट बघत बसायची. शेवटच्या सुट्टीत मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं, तो भरल्या ताटावरून उठून ड्युटीवर गेला आणि परत आलाच नाही. कावळा शिवला की त्याचा राग गेला, एवढंच तिचं म्हणणं. आता पोरं बूट आपटतायत, बिगुल वाजतोय, कुठला कावळा फिरकणार? गेल्या वर्षी मी तिला तसं तोंडावर सांगितलं. म्हणाली, "तुला काय कलतं? रागावलाय तो."

यंदा नऊच्या सलामीसाठी सातलाच पोचलो. बघतो तर चौथऱ्यावर उष्टी वाटावी अशी कागदी प्लेट! माझं डोकंच फिरलं. कोणीतरी पार्टी करून गेलं असणार, लेकाच्यांना लाज नाही! त्यात काय आहे ते मी वाकून बघितलंसुद्धा नाही. एका कॅडेट मुलीला म्हटलं, "उचल ती घाण, फेक कचऱ्यात आणि चौथरा धुऊन काढ." तिने धुतला.

नऊला म्हातारी आली. माझंच ऐकून यंदा ती गर्दीच्या आधी येऊन बोंबील ठेवून गेलेली. रिकामा चौथरा बघून तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले.

"खाल्लान रं! माझ्या पोरानं खाल्लान! एक तुकडा नाय ठेवलान!"

रडत होती, हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रांगेतली ती मुलगी पांढरीफटक पडलेली. चूक झाली की एक पाऊल पुढे येऊन कबूल करायची, हे मीच त्यांच्याकडून घोकून घेतलेलं. तिने पाऊल उचललं.

"सावधान!" मी एवढ्या जोरात ओरडलो की म्हातारीही दचकली.

मुलगी जागच्या जागी ताठ झाली. तिची नजर माझ्यावरच होती. मी बिगुलवाल्याला हात केला.