हौसाबाईंचा गुडमार

सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते दारातल्या चपलांसारखे आपोआप साठत जातात. येरमाळ्याला मी नर्स होते तेव्हाचे बरेचसे विसरले. हौसाबाईंचे मात्र अजून डोक्यात गोंधळ घालतात.

साल बहात्तरच्या दुष्काळातलं. प्यायच्या पाण्याचे वांधे, पण हौसाबाईंच्या घरात साखर मुबलक, कारण मुलगा सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. सून शालन तिसऱ्यांदा पोटुशी. आधीची दोन्ही बाळं चांगली मोठाली, आणि दोन्ही पोटातच गेलेली. मीच ती कापडात गुंडाळून दिली होती.

लघवी तपासायची आमची रीत सोपी. नळीत निळं औषध घालून उकळायचं, साखर असेल तर ते विटेसारखं लाल होतं. शालनची नळी लालभडक झाली, म्हणजे मधुमेह; आधीची बाळंही त्यानंच गेली असणार.

हौसाबाई नळीकडं बघत म्हणाल्या, "साखर तर पांढरी असती की."



*

आमच्या दवाखान्यातले डॉक्टर नवे, पुण्याकडचे. त्यांनी शालनचं गोड बंद केलं, सोलापूरहून इन्शुलिन मागवलं. फ्रीज नव्हता, म्हणून बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत. वाळू सुकू नये म्हणून हौसाबाई आपल्या प्यायच्या पाण्यातला तांब्या त्यावर ओतायच्या. सुई टोचायला मी रोज घरी जायची.

मग एक दिवस त्या देवीच्या डोंगरावरून गुडमारच्या वेलाचा पाला घेऊन आल्या. ह्यानं साखर मरते म्हणाल्या. डॉक्टरांनी हसत हसत दोन पानं चघळली आणि स्टँडवर चहाला गेले. तिथं भांडण! चहात साखरच नाही म्हणे. चहावाल्यानं दोनदा चमचा भरून घातली, तरी डॉक्टरांना चहा फिक्काच. बिचारा चहावाला नंतर स्वतःच्याच साखरेचा डबा चाटून बघत होता.

*

डॉक्टरांना हे लागलं. त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, की पाल्यानं जिभेची चव मरते, साखर जागच्या जागी असते. ग्लासात साखर विरघळवून, त्यात पाला चुरडून ते पाणी त्यांनी निळ्या औषधात उकळलं. आम्ही लाल रंगाची वाट बघत उभे. निळं ते निळंच!

खायची साखर त्या औषधाला दाद देत नाही, लाल करते ती वेगळी साखर, हे त्यांना नंतर पुस्तकात सापडलं. पण आता ऐकतो कोण? साखर मेली तर सुई कशाला, असं हौसाबाईंनी विचारलं. शेवटी मी अक्षरशः हात जोडले, तेव्हा पाला आणि सुई दोन्ही चालू ठेवायचं ठरलं.

*

सातव्या महिन्यात डोहाळजेवण. गोडाशिवाय ते व्हायचं कसं? आणि आलेल्या बायका शालनच्या तोंडात घास कोंबणारच. हौसाबाईंनी खीर बिनसाखरेची केली, आणि पंगतीआधी प्रत्येकीला पोटुशीच्या नावानं दोन पानं चघळायला लावली. मग काय, खीर गोड आहे की नाही हे कुणालाच कळेना. शेजारणीचं तोंड बघून जी ती "लई झ्याक झालीय" म्हणायची.

एकट्या शालननं पहिल्या घासालाच तोंड वाकडं केलं. का, ते मला तेव्हा समजलं नाही.

*

शालन बाळंत झाली. मुलगी. ती इतकी खणखणीत रडली की मीही रडले.

डॉक्टरांनी हौसाबाईंना खुर्चीवर बसवलं. गुण सुईचा, पथ्याचा की पाल्याचा, हे त्यांना मोठ्या दवाखान्याला कळवायचं होतं. पाला किती दिला, जेवणाआधी की नंतर, खाल्ल्यावर शालनला काय व्हायचं, सगळं खोदून विचारलं.

हौसाबाई गोंधळल्या. "तिनं कुटं खाल्ला?"

"मग रोज आणत होतात तो?"

"त्यो म्या खाल्ला की, तिच्या नावानं. पोटुशीला कडू द्यायचं असतं व्हय, डॉक्टरसाहेब?"